माकडतापाचे नमुने तपासणारी माणसे शिकतात कुठे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकासोबत येणारी करिअर पुरवणी मी दरवर्षी जपून ठेवते. दोडामार्ग तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्तावीस वर्षे जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, तरी निकालाच्या आठवड्यात आजही मुले आणि त्यांचे आईवडील घरी येतात, आणि त्यांच्यापुढे ठेवायला माझ्याजवळ बहुतेक वेळा ही पुरवणीच असते. यंदाच्या पुरवणीत जीवशास्त्र घेतलेल्या मुलांसाठी वैद्यकीय, दंतवैद्यक, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी इथपासून फॉरेन्सिक सायन्सपर्यंत पुष्कळ वाटा दाखवल्या होत्या. विषाणूंच्या अभ्यासाचा मात्र त्यात उल्लेखही नव्हता. विषाणूंवर संशोधन करणारी देशातली आघाडीची संस्था सत्तर वर्षांहून अधिक काळ ज्या राज्यात उभी आहे, त्याच राज्यातल्या मुलांना तिथे पोहोचण्याची वाट मराठीतून कोणी सांगू नये, हे मला फार लागले. म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते नेहमीपेक्षा लांबले आहे, याबद्दल क्षमस्व.

या विषयाशी माझा संबंध पुस्तकातून आलेला नाही. २०१६ च्या सुरुवातीला आमच्या तालुक्यात माकडतापाने माणसे दगावू लागली. शेजारच्या गोव्यात, सत्तरी तालुक्यात, तो आदल्या वर्षीच पोहोचला होता. आमच्याकडे हे दिवस काजूच्या हंगामाचे. बागेत झाडाखाली पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, साचलेला असतो, त्यावर पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळे, वेचून बी वेगळी काढायची असते, आणि हे काम बायका तासन्‌तास ओणव्याने करतात. माकडतापाचा विषाणू ज्या गोचिडीच्या अंगात असतो, तिची बारीक पिल्ले नेमकी याच पातेऱ्यात असतात. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासची जागा धोक्याची होते. आरोग्य खात्याची माणसे मेलेल्या माकडाभोवती पावडर मारत होती, हातापायांना लावायला तेल वाटत होती, आणि ताप आलेल्यांचे रक्त घेऊन नमुने जिल्ह्याबाहेर तपासायला पाठवत होती. अहवाल येईपर्यंतचे दिवस घराघरांत कसे गेले, ते आम्ही पाहिले आहे.

त्या वर्षी माझ्या अकरावीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई दुसऱ्याच्या बागेत मजुरीने काजू वेचायला जायची. तिला अचानक कडक ताप भरला, डोके फुटेल असे दुखू लागले, अंग हलवता येईना. अहवाल माकडतापाचा आला. सुदैवाने ती बरी झाली. या आजारात शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात, हे मुलीला आम्ही त्या वेळी सांगितले नव्हते. आई घरी आल्यावर ही मुलगी तास संपल्यावर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, “बाई, हीं रगात तपासणारी माणसां शिकतत तरी खंय?”

मला उत्तर देता आले नाही. विषाणू सजीव की निर्जीव, हा प्रश्न मी तोपर्यंत वीसेक वर्षे परीक्षेत विचारत आले होते. प्रथिनाच्या कवचात गुंडाळलेला जनुकीय पदार्थ, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याखेरीज स्वतःची प्रत काढू न शकणारा, ही व्याख्या मला पाठ होती. पण आमच्याच गावातल्या बाईच्या रक्तात तो आहे की नाही हे ठरवणारा माणूस कोणती पदवी घेतो, कुठली परीक्षा देतो, त्याला पगार किती मिळतो, यातले एक अक्षरही मला ठाऊक नव्हते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका करिअर मार्गदर्शकाकडे मी तिला घेऊन गेले. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, की असले काही करायचे असेल तर आधी डॉक्टर व्हावे लागते, तेव्हा नीटचा क्लास लावा. त्या क्लासची फी तिच्या आईच्या दोन हंगामांच्या मजुरीपेक्षा जास्त होती.

त्यांचे म्हणणे चुकीचे होते, आणि ते किती चुकीचे होते हे मला पुढच्या वर्षभरात स्वतः वाचून, पत्रे लिहून आणि पुण्याला दोन खेपा मारून समजले. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात दहावी-बारावीची मुले आहेत, त्यांना ते सांगावे असे वाटते.

ज्या विषाणूने आमच्या तालुक्याला घेरले, तो शोधला पुण्यातल्या लोकांनीच. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून १९५२ मध्ये पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केले. त्याचीच १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाली, जिला आपण एनआयव्ही म्हणून ओळखतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, आणि त्याच सुमारास जंगलात जाणारी माणसेही तापाने पडू लागली. माकडे मरत आहेत म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, ही पहिली भीती होती. पुण्याहून गेलेल्या तुकडीने माणसांचे रक्त घेतले, माकडांची शवे तपासली, जंगलातल्या गोचिडी वेचल्या, आणि हा पीतज्वर नसून गोचिडीमार्फत पसरणारा, रशियात आढळणाऱ्या विषाणूंच्या कुळातला, पण पूर्वी कधी न पाहिलेला विषाणू आहे हे शोधून काढले. त्याला त्या जंगलाचे नाव मिळाले. सुरुवातीच्या वर्षांत या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाही त्याची लागण झाल्याच्या नोंदी आहेत. आजच्यासारखी सुरक्षेची साधने तेव्हा नव्हती, तरी त्यांनी काम सोडले नाही.

आता या तुकडीत कोण कोण लागले असेल याचा विचार करावा. रुग्ण तपासायला डॉक्टर लागला, यात शंका नाही. पण गोचिडीच्या अनेक जातींतली नेमकी कोणती जात विषाणू वाहते हे ठरवायला कीटकशास्त्रज्ञ लागला, माकडे आणि उंदीर-घुशी ओळखायला प्राणिशास्त्राचा जाणकार लागला, मेलेल्या जनावराचे अवयव तपासायला पशुवैद्य लागला, आणि विषाणू वाढवून त्याचे कूळ लावायला सूक्ष्मजीवशास्त्राचा अभ्यासक लागला. या केंद्राचे संचालकपद भूषवलेले डॉ. टी. रामचंद्र राव हे स्वतः कीटकशास्त्रज्ञ होते. हिवतापाच्या डासांवर त्यांनी आयुष्यभर काम केले. १९७८ नंतर दशकभर संस्थेची धुरा सांभाळणाऱ्या डॉ. खोर्शेद पावरी या तिच्या पहिल्या महिला संचालक होत. आज पुण्यातल्या पाषाण भागातल्या संस्थेच्या आवारात सर्वोच्च, म्हणजे चौथ्या जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा आहे. तिथे आतल्या हवेचा दाब कायम बाहेरच्यापेक्षा कमी राहील, बाहेर जाणारी हवा गाळूनच जाईल आणि सांडपाण्यातला प्रत्येक थेंब निर्जंतुक होईल हे पाहणारा अभियंता नसेल, तर एकाही शास्त्रज्ञाला आत पाऊल टाकता येणार नाही. विषाणूच्या जनुकांची अक्षरे वाचून एका साथीतला विषाणू दुसऱ्या साथीतल्यापेक्षा कुठे बदलला हे सांगणारा माणूस तर संगणक आणि संख्याशास्त्राच्या वाटेनेही येतो.

यातले एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते, आणि ते मराठी वाचकांना क्वचितच माहीत असते. १९६७ मध्ये पुण्याच्या याच केंद्रात डॉ. के. आर. पी. सिंग यांनी एडिस जातीच्या डासांच्या, अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेऊन त्यांच्या पेशी काचेच्या बाटलीत वाढवल्या. पेशींना एकदा वाढायला लावणे तुलनेने सोपे असते. त्या न मरता पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहतील अशी पेशींची वंशावळ तयार करणे अवघड असते, आणि ते त्यांनी साधले. या वंशावळीतून पुढे निवडून काढलेल्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत डेंग्यूचा विषाणू वाढवण्यासाठी वापरल्या जातात. जगात कुठेही रुग्णाच्या रक्तातून डेंग्यूचा विषाणू वेगळा काढायचा असेल, तर पुण्यात वाढवलेल्या त्या पेशींची वंशज मंडळी बहुधा तिथल्या बाटलीत असतात. ही कामगिरी डासांचा अभ्यास करणाऱ्या माणसाची आहे. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला ‘पुढे काय, शिक्षकच ना?’ असे विचारणाऱ्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

वाट कशी आहे, तेही सांगते. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र असावे. त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा जीवरसायनशास्त्र यांपैकी कशातही बी.एस्सी. केली तरी चालते. ज्यांना वैद्यकीय किंवा पशुवैद्यकीय पदवी घेणे जमते, त्यांनी ती घ्यावी. ते दार बंद नाही, पण ते एकमेव दार नाही. पुण्याच्या एनआयव्हीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असा विषाणूशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम २००५ पासून चालतो. प्रवेश परीक्षेतून होतो आणि जागा थोड्या असतात. तिथे नाही मिळाला तर सूक्ष्मजीवशास्त्रात किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करूनही याच क्षेत्रात येता येते. पुढे नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा वैद्यकीय संशोधन परिषदेची संशोधनवृत्तीची परीक्षा द्यावी लागते, आणि मग पीएच.डी., ज्यासाठी पाच वर्षे तरी धरावीत. पुण्यातच भोसरीला एड्सवरील संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९९२ पासून आहे, विद्यापीठाच्या आवारात पेशीविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे, आणि मुंबईत परळला १८९९ मध्ये प्लेगच्या लशीसाठी सुरू झालेली हाफकिन संस्था आहे. ज्यांना इतकी वर्षे शिकणे परवडत नाही, त्यांना प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका घेऊनही याच कामात उभे राहता येते, आणि त्या कामाला मी तसूभरही कमी लेखत नाही. नमुना चुकीच्या तापमानाला ठेवला गेला, तर पुढच्या साऱ्या पदव्या निरुपयोगी ठरतात.

पिकांचे आणि गुरांचे विषाणूही याच विद्येत येतात. भेंडीची पाने पिवळ्या शिरांनी भरतात, पपईवर वळ्यांसारखे डाग पडतात, केळीचे घड बिघडतात, यामागे विषाणूच असतात. २०२२ मध्ये लम्पीने राज्यभर गाई-बैल आजारी पडले तेव्हा शेतकऱ्याला गुरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरइतकीच गरज होती ती लस आणि निदान यांवर काम करणाऱ्या पशुवैद्यांची. कृषी आणि पशुवैद्यकीय विद्यापीठांत जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही, एवढेच इथे नोंदवून ठेवते.

माझ्या त्या विद्यार्थिनीने नीट दिली नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केली, शिकवण्या घेत घेत एम.एस्सी. पूर्ण केली, दुसऱ्या प्रयत्नात संशोधनवृत्ती मिळवली आणि आज ती डेंग्यूच्या विषाणूवर पीएच.डी. करते आहे. गेल्या गणपतीत घरी आली तेव्हा तिने मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. बारा खळगे असलेली प्लास्टिकची एक पसरट तबकडी होती, आणि बहुतेक खळग्यांच्या तळाला गडद जांभळा रंग चढलेला होता. तो रंग म्हणजे जिवंत पेशींचा सलग थर, आफ्रिकेतल्या एका माकडाच्या मूत्रपिंडापासून साठ वर्षांपूर्वी वाढवायला घेतलेल्या पेशींचा. पहिल्या खळग्यात विषाणू इतका दाट होता, की थर पार विरून गेला होता. पुढच्या खळग्यात तो दहापट पातळ केलेला, त्यापुढच्यात आणखी दहापट. आणि चौथ्या-पाचव्या खळग्यात जांभळ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके सुटे सुटे दिसत होते. एकेक ठिपका म्हणजे एकेका विषाणूने पेशीत शिरून, वाढून, आजूबाजूच्या पेशी मारून पाडलेले भोक. ते ठिपके मोजायचे, पातळ करण्याच्या पटीने गुणायचे, की मूळ नमुन्यात किती विषाणू होते ते कळते. “बाई, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट अशी बोटांनी मोजता येते,” ती म्हणाली. मी तो फोटो बराच वेळ पाहत राहिले. इतकी वर्षे फळ्यावर खडूने काढलेल्या षटकोनी आकृतीपेक्षा त्या तबकडीने मला विषाणू जास्त समजला.

ती रोज डासाच्या ज्या पेशींवर विषाणू वाढवते, त्या पुण्यातल्या १९६७ च्या पेशींच्याच वंशातल्या आहेत, हे मी तिला सांगितले तेव्हा तिलाही नवल वाटले. पेशींचा लघुनामाचा क्रमांक तिला ठाऊक होता. त्यांचे मूळ गाव ठाऊक नव्हते.

इथवर वाचून वाचकांना हे सारे फार सुरळीत वाटेल. तसे ते नाही, आणि मुलांना अर्धेच सांगून या वाटेवर पाठवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. केंद्र सरकारची कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली, वरिष्ठ संशोधनवृत्ती ४२,००० झाली. या रकमा कागदावर ठीक दिसतात, पण त्या महिन्याच्या महिन्याला हातात पडतात असे नाही. माझ्या विद्यार्थिनीला एकदा सलग पाच महिने पैसे मिळाले नाहीत आणि पुण्यातल्या खोलीचे भाडे भरायला तिच्या आईने काजूचे पैसे पाठवले. पीएच.डी.नंतरही कायम जागा क्वचित निघतात. एका प्रकल्पाची मुदत संपली की दुसरा शोधायचा, असे वयाच्या पस्तिशीपर्यंत चालते. ज्या घरात पाठीशी जमीन नाही, नोकरी नाही, त्या घरातल्या मुलीने हे कशाच्या बळावर करायचे?

माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे तर याहून वाईट झाले. त्याने बी.एस्सी. आणि तंत्रज्ञाची पदविका केली होती. २०२० मध्ये करोनाच्या चाचण्यांसाठी एका शासकीय प्रयोगशाळेत त्याला कंत्राटी पद्धतीने घेतले. ३० जानेवारी २०२० रोजी देशातला पहिला रुग्ण निश्चित झाला तेव्हा पुण्यातली एनआयव्ही ही जवळजवळ एकटी हे निदान करत होती. काही महिन्यांतच जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआरची यंत्रे बसली, आणि ती चालवायला अशीच पोरे-पोरी मिळाली. सुरक्षेचा पोशाख घालून आठ-आठ तास पाणीही न पिता त्याने नमुने लावले. रात्री दोनला अहवाल भरायचा, सकाळी पुन्हा हजर. त्याच्या हातात ते काम इतके बसले होते, की नमुन्याच्या आलेखाची कमान बघून यंत्राच्या आधी त्याला निकाल कळायचा. पुढे साथ ओसरली आणि एके दिवशी मुदतवाढ नसल्याचे दोन ओळींचे पत्र त्याच्या हाती पडले. यंत्र तिथेच आहे. तो आता एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. दुकानाच्या कामात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही, पण सरकारी खर्चाने आणि त्या मुलाच्या जिवावर जे कौशल्य तयार झाले, ते असे सोडून देणे मला कधीच समजू शकलेले नाही.

विषाणूंचे काम साथीपुरते असते, साथ नसेल तेव्हा या माणसांचे काय करायचे, असा प्रश्न शासनदरबारी विचारला जात असेल, तर त्याचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा या गावात तापाची साथ होती. तिथल्या दोन रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा काढला आणि त्याला गावाचे नाव दिले. त्या वेळी त्याने कोणाचे मोठे नुकसान केल्याचे दिसत नव्हते. नोंद झाली, नमुना जपला गेला, त्याचे गुणधर्म लिहून ठेवले गेले, आणि जवळजवळ चार दशके जगाला त्याच्याशी काही देणेघेणे नव्हते. २००३ च्या जून ते ऑगस्टदरम्यान आंध्र प्रदेशात आणि आपल्या विदर्भाच्या बाजूला लहान मुले सकाळी तापाने फणफणायची आणि एक-दोन दिवसांत मेंदूज्वराने दगावायची. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतली १८३ गेली. कारण शोधताना पुण्याच्या प्रयोगशाळेला सापडला तो हाच चांदीपुराचा विषाणू, वाळूमाशीमार्फत पसरणारा. चाळीस वर्षे ज्याला कोणी विचारले नाही, त्या विषाणूचे कागद आणि ते वाचू शकणारी माणसे संस्थेत शिल्लक होती, म्हणून त्याला ओळखता आले. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा मुलांच्या जिवावर उठला.

दिल्लीतल्या कावीळीचेही तसेच. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या दूषित पाण्यातून दिल्लीत कावीळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली आणि गर्भवती स्त्रियांना या आजाराने विशेष छळले. तेव्हा सर्वांनी ती नेहमीची ‘ए’ प्रकारची कावीळ मानली. त्या साथीतले रक्तद्रव मात्र कोणीतरी नीट गोठवून ठेवले होते. १९८० मध्ये पुण्याचे शास्त्रज्ञ, त्यांत डॉ. पावरीही होत्या, आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी असे जुने रक्तद्रव तपासून दाखवले, की ही ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे. पुढे तिला हेपॅटायटिस ‘ई’ हे नाव मिळाले, आणि पुण्यात डॉ. विद्या अरणकल्ले यांनी तिच्यावर दीर्घकाळ काम केले. पंचवीस वर्षे जुन्या बाटलीवरची चिठ्ठी कोणाला तरी वाचता यावी लागते. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला माणूस ती लिहीलही, पण पंचवीस वर्षांनी ती वाचायला तिथे कोण असणार?

आमच्या माकडतापाचीही गोष्ट संपलेली नाही. जी जुनी लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली जात होती, ती पुरेसे संरक्षण देत नाही असे दिसून आल्याने तिचा वापर थांबवावा लागला. नव्या लशीवर काम चालू आहे. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या संपर्काच्या खुणा पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडल्या आहेत. २०२१ च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिका रुग्ण आढळला. ही गावे कुठल्या दूरच्या देशातली नाहीत. नागपूरला माणूस, जनावर आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. तिथे उद्या काम करणारी माणसे आज कुठल्या तरी आठवी-नववीत बसली असतील, आणि त्यांतली काही चंद्रपूरची, गडचिरोलीची, दोडामार्गची असावीत असे मला मनापासून वाटते. ज्या मुलीने घरातल्या अंथरुणावर माकडताप पाहिला, तिला गोचीड कशी दिसते हे शिकवावे लागत नाही.

म्हणून राज्य शासनाकडे माझी विनंती आहे, की करोनाकाळात जिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळांमध्ये निदान दोन-तीन पदे कायम करावीत आणि साथ नसताना त्यांना डेंग्यू, माकडताप, मेंदूज्वर, कावीळ यांच्या नियमित तपासणीचे काम द्यावे. काम पुष्कळ आहे. सिंधुदुर्गातल्या तापाचा नमुना सिंधुदुर्गातच तपासला गेला, तर अहवालाची वाट पाहण्यातले दिवस वाचतील, आणि आमच्याच मुलांना घराजवळ हे काम करता येईल. संशोधनवृत्ती वेळेवर मिळावी, हे तर सांगायलाही नको. शिक्षक बंधुभगिनींना सांगणे एवढेच, की मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल तर ‘आधी डॉक्टर हो’ असे सांगून त्याला वाटेला लावू नये. मी जो वर्षभर शोध घेतला, तो आता एका दुपारीत घेता येतो.

आणि आपल्याकडे, संपादक महोदय, मागणे आहे ते पुढच्या पुरवणीतल्या अर्ध्या पानाचे. एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची जाहिरात साधारण कधी निघते, अर्ज कुठे करायचा, पदवीला कोणते विषय लागतात, संशोधनवृत्ती किती, वसतिगृह आहे का, कंत्राटी आणि कायम नोकरीत फरक काय, हे सारे सरळ मराठीत, अडचणी न लपवता छापावे. मजकूर तयार करून द्यायची माझी तयारी आहे, आणि माझ्या विद्यार्थिनीने तो तपासून द्यायचे कबूल केले आहे. फेब्रुवारीत छापता आला तर अधिक बरे. त्या वेळी आमच्याकडे काजूचा हंगाम सुरू झालेला असतो आणि बारावीच्या परीक्षाही तोंडावर आलेल्या असतात.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग